दोन जोडण्या, एकच खांब

पावसाळ्यात माडाची झावळी तारेवर पडली की इंटरनेट जातं, म्हणून गोव्यात अनेक जण दुसरी जोडणी घेतात. पण केबलवाल्याची कोअॅक्सियल (टीव्हीला येते ती जाड केबल) आणि दुसऱ्या कंपनीची फायबर एकाच खांबावरून आली असेल, तर तीच झावळी दोन्ही तोडते. दाराबाहेर जाऊन तारांचा मार्ग पाहून घ्या. वाट एकच असेल तर दुसरी जोडणी सिमकार्डवाल्या ४जी किंवा ५जी राउटरची बरी. तो खिडकीत ठेवा. चिऱ्याच्या जाड भिंतीआड सिग्नल मरतो.

मधे दोन वॅन पोर्टांचा (बाहेरून इंटरनेट घेणाऱ्या खाचांचा) राउटर लागतो. केबल मोडेम पहिल्या पोर्टला, सिमवाला दुसऱ्याला, आणि घरातली सगळी उपकरणं फक्त मधल्या राउटरला. माशी शिंकते ती पत्त्यांपाशी, म्हणजे नेटवर्कमध्ये यंत्रांना ओळखायच्या आकड्यांपाशी. पुष्कळ यंत्रं कारखान्यातूनच १९२.१६८.१.१ हा पत्ता घेऊन येतात आणि दोन्ही पोर्टांवर पत्त्यांचा एकच पट्टा (पहिले तीन आकडे सारखे) आला की राउटर गोंधळतो. सिमवाल्याला १९२.१६८.२.१ द्या, मधल्या राउटरच्या घराकडच्या बाजूला १९२.१६८.१०.१.

राउटरमध्ये ‘लोड बॅलन्स’ न निवडता ‘फेलओव्हर’ (पहिली जोडणी गेली तरच दुसरी) निवडा. दोन्ही जोडण्या एकदम वापरल्या तर बाहेर दिसणारा आयपी पत्ता मधेच बदलतो, आणि बँकेची साइट लॉगआउट करते.

आता खरी मेख. खांबावरची तार तुटली तरी मोडेम आणि राउटर यांच्यामधली केबल शाबूतच असते. पोर्टचा दिवा हिरवा राहतो आणि राउटर मेलेल्या जोडणीला चिकटून बसतो. म्हणून तपासणी बाहेरच्या पत्त्यावर पिंग करून (‘आहेस का?’ अशी हाक देऊन) करायला सांगा: १.१.१.१ आणि ८.८.८.८, दर ५ सेकंदांनी. दोन्ही पत्त्यांकडून सलग ३ वेळा उत्तर आलं नाही तरच बदल. मोडेमच्याच पत्त्याला पिंग लावलं तर तो प्रत्येक वेळी ‘आहे’ म्हणणार! परतीला घाई नको: सलग १० ते १२ उत्तरं मिळाल्यावरच पहिल्या जोडणीकडे वळू द्या, नाहीतर लटपटत्या तारेबरोबर राउटरही मागेपुढे करत राहतो. डीएनएसही (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा) सार्वजनिक, म्हणजे कुठल्याही जोडणीवरून चालणारी ठेवा. एका कंपनीचे सर्व्हर दुसरीच्या जोडणीवरून आलेल्या प्रश्नाला बहुधा उत्तर देत नाहीत.

केबल मोडेमचं स्वतःचं पान बहुतेक वेळा १९२.१६८.१००.१ वर उघडतं. त्यावरची डाउनस्ट्रीम पॉवर (मोडेमपर्यंत पोचणाऱ्या सिग्नलची ताकद) उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्ही या एककाच्या आत हवी. पाऊस लागला की ती घसरत असेल तर बाहेरचा एफ-कनेक्टर (कोअॅक्सियलच्या टोकाचा फिरवून बसवायचा जोड) उघडून पाहा. खाऱ्या हवेत तो गंजतो, आत पाणी शिरतं. कनेक्टर बदला, आणि केबल घरात शिरण्याआधी खाली झोळ ठेवा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल.

तिन्ही यंत्रांना बॅटरी हवी. एक विसरलात तर साखळी तुटली. बहुतेक १२ व्होल्टवर चालतात, पण अॅडॉप्टरवरचा आकडा वाचूनच मिनी यूपीएस घ्या. ३० वॅट-तासांची बॅटरी १० वॅटच्या यंत्राला जेमतेम अडीच तास पुरते.

चाचणी घेताना मोडेम-राउटरमधली केबल उपसू नका. मोडेमच्या मागची कोअॅक्सियल सोडवा आणि घड्याळ लावा: १५ ते २० सेकंदांत पान उघडायला हवं. चालू व्हिडिओ कॉल तुटेल, तो परत लावावा लागेल.