अर्धं गुंडाळलेलं शीड आणि दोराचा कोन

उत्तरायणाच्या आदल्या रात्री बडोद्यातल्या मराठी घरांतही पतंगांना किन्ने, म्हणजे मांजा जोडायचे धागे, बांधायची घाई असते. खालचा धागा जरा लांब-आखूड झाला, की तोच पतंग त्याच वाऱ्यात गोते खातो. दोर कुठून ओढतो, यावर सगळं अवलंबून. शिडाच्या होडीवर वारा वाढला की नेमकं हेच विसरलं जातं.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यात दर चौरस मीटरमागे साधारण ६ किलो, ७२ च्या वाऱ्यात २४. म्हणून शीड लहान करायचं. हल्ली बऱ्याच होड्यांवर पुढचं शीड डोलकाठीच्या पुढच्या तारेभोवती गुंडाळता येतं. मागे बसून एक दोर ओढला की झालं. उसळत्या होडीच्या नाकावर जावं लागत नाही.

पण ही तार सरळ उभी नसते, मागे कललेली असते आणि कापड तिच्याशी काटकोनात गुंडाळलं जातं. त्यामुळे शिडाचा मागचा मोकळा कोपरा पुढे येतो आणि थोडा वरही चढतो. त्याला बांधलेला दोर डेकवरच्या कप्पीतून जातो, आणि कप्पी मात्र जागच्या जागी! आता दोर खाली कमी, मागे जास्त ओढतो. शिडाची खालची कड ताठ होते, मागची कड ढिली पडते, वरचा भाग फडफडायला लागतो. नवखा माणूस दोर आणखी कसतो. खालची कड तेवढी जास्त ताणली जाते, फडफड काही थांबत नाही. कप्पी डेकवरच्या तिच्या रुळावर पुढे सरकवली की ओढ दोन्ही कडांत वाटली जाते. वर वारा जास्त असतो, तेव्हा शेंडा किंचित उघडा राहिलेला बरा. झोत आला तर तिथून निसटतो.

दुसरी अडचण फुगवट्याची. शिडाच्या मधल्या भागात कापडाला पोट असतं. ते गुंडाळीत नीट जात नाही आणि सपाट शीड हवं तेव्हाच झोळ पडतो. त्यासाठी पुढच्या कडेत फोमची पट्टी शिवतात. तिच्यामुळे मधली गुंडाळी जाड होते आणि जादा कापड तिथेच खपतं. तरीही एक तृतीयांशाहून जास्त गुंडाळलेल्या शिडापेक्षा मुळातच लहान शीड चढवलेलं चांगलं, असं माझं मत.

एरवी कप्पीची जागा शिडाच्या पुढच्या कडेजवळचे, वारा कसा वाहतोय ते दाखवणारे लोकरीचे धागे सांगतात, पण ते आता गुंडाळीत गेलेले असतात. म्हणून जाणकार खालच्या कडेवर खुणा करतात आणि रुळावरही तशाच. शीड दुसऱ्या खुणेपर्यंत गुंडाळलं, की कप्पीही रुळावरच्या दुसऱ्या खुणेवर.