गुपित फुटलं, हात मागे आला

‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेच्या शेवटच्या पर्वात, २०१९ साली, जॉन आणि राणी डेनेरिस या प्रेमिकांचं नातं दोन प्रसंगांत मोडलं. जन्माने सिंहासनाचा खरा वारस जॉनच असतो. ही हकीकत बहिणींनाही सांगू नकोस, असं ती त्याला विनवते. तो सांगतोच. बहीण सान्साकडून ही हकीकत डेनेरिसचा सल्लागार टिरियनला कळते, टिरियनकडून दुसरा सल्लागार व्हॅरिसला. पुढे एका रात्री डेनेरिस त्याच्या जवळ येते. ती आपली आत्या आहे हे त्याला आता ठाऊक असतं. तो क्षणभर प्रतिसाद देतो आणि मागे सरतो.

ड्रॅगन बाजूला ठेवले तर हे खानदेशातल्या अमळनेर-पारोळ्याच्या कुठल्याही घरात घडेल. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बहिणी माहेरी आलेल्या, दारात झोका बांधलेला. बायकोच्या भावाने रावेरकडे केळीच्या बागेवर काढलेलं कर्ज थकलंय, हे तिने रात्री विश्वासाने सांगितलेलं. नवरा ओट्यावर बसून ते बहिणीला सांगून टाकतो. ‘ती काय परकी आहे का?’ हा त्याचा खुलासा. जॉनचा युक्तिवादही साधारण हाच होता.

इथे इजा दोन आहेत, एक नकाराची आणि एक मोडलेल्या विश्वासाची, आणि त्या एकच समजल्यामुळे उपाय चुकतो.

आधी नकार. २००३ साली नाओमी आयझेनबर्गर, मॅथ्यू लीबरमन आणि किपलिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञांनी १३ जणांना एफएमआरआय या मेंदूची हालचाल टिपणाऱ्या यंत्रात झोपवून संगणकावर चेंडूफेकीचा खेळ खेळायला दिला. थोड्या वेळाने समोरच्या दोन ‘खेळाडूं’नी त्यांच्याकडे चेंडू टाकणंच बंद केलं. खरं तर ते खेळाडू म्हणजे संगणकाचा प्रोग्रॅम होता. तरीही मेंदूच्या पुढच्या सिंग्युलेट भागाची हालचाल वाढली, आणि ज्यांना जास्त लागलं त्यांच्यात ती जास्त दिसली. शारीरिक वेदना नकोशी वाटण्याशीही हाच भाग जोडलेला आहे. म्हणून ‘मन दुखणं म्हणजे अंग दुखणंच’ असं सर्रास लिहिलं जातं. ते फार ताणलेलं आहे. २०१४ सालच्या अधिक बारीक विश्लेषणात दोन्ही वेदनांचे मेंदूतले नमुने वेगळे निघाले. पण नकार खरोखर दुखतो, एवढं पक्कं.

विश्वासाचं काम निराळं. विश्वास म्हणजे अंदाज: मी समोर नसताना हा माणूस काय करेल? तो अंदाज एकदा चुकला की जुन्या गोष्टींचेही हिशेब पुन्हा मांडले जातात. ‘मागच्या वर्षी सांगितलेलं तरी याने पोटात ठेवलं असेल का?’ या प्रश्नाला ‘माफ कर’ हे उत्तरच नाही.

दोन्ही इजा एकत्र झाल्या की चक्र सुरू होतं. जेराल्डिन डाउनी आणि स्कॉट फेल्डमन या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ साली नकाराच्या धास्तीचा अभ्यास मांडला. अशी धास्ती असलेल्या माणसाला साध्या गप्प बसण्यातही नकार दिसतो. तो चिडतो किंवा आक्रसतो, जोडीदार कंटाळून दूर सरतो आणि भीती खरी ठरते. गुपित फुटल्यानंतर डेनेरिसला जॉनचं मागे सरणं याच नजरेने दिसलं असणार, असं वाटतं.

नकार बहुतेकदा फार लहान रूपात येतो. धुण्याचे कपडे आत आणताना ती म्हणते, ‘ऊन काय तपी ऱ्हायनं!’ तिला तापमान कळवायचं नसतं, त्याने मान वर करावी एवढंच हवं असतं. त्याचा अंगठा मोबाइलवर सरकतच राहतो. जोडप्यांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नवविवाहितांमधल्या अशा हाका मोजल्या. सहा वर्षांनंतरही एकत्र असलेल्या जोडप्यांनी त्यांतल्या ८६ टक्के हाकांना प्रतिसाद दिला होता. घटस्फोट झालेल्यांनी ३३ टक्के.

नकाराची इजा टाळायची तर ‘नाही’ला कारण आणि वेळ जोडावी. कूस बदलण्यापेक्षा ‘आज डोकं ठणकतंय, उद्या बसू’ हे बोलून दाखवावं. भांडणात नाडी मिनिटाला १०० च्या वर गेली की ऐकूनच घेता येत नाही. तेव्हा किमान २० मिनिटं थांबावं. फक्त न बोलता पारावर निघून जाऊ नये. ‘अर्ध्या तासात येतो’ हे शब्द नसतील तर तेच थांबणं नकार ठरतं. आणि तो अर्धा तास मनात उत्तरं रचण्यात घालवला तर नाडी खाली येत नाही. (मारहाण किंवा धमकी असेल तिथे हे उपाय नाहीत, तिथे १८१ ही महिला हेल्पलाइन.)

फुटलेल्या विश्वासाला नोंदी लागतात. कोणाला, काय आणि कधी सांगितलं ते एकाच बैठकीत पूर्ण सांगावं. हप्त्याहप्त्याने बाहेर आलं की प्रत्येक हप्ता नवी फसवणूक वाटतो. मग बहिणीकडे स्वतः जाऊन ‘मी हे सांगायला नको होतं, पुढे कोणाला बोलू नकोस’ असं म्हणावं. त्यानंतर महिनोन् महिने लहान, वेळ ठरलेले शब्द पाळावेत.

चूक होते ती औषधांच्या अदलाबदलीत. विश्वास मोडला तर साडी आणली जाते. नकार दुखला तर मोबाइलचा पासवर्ड दिला जातो. पासवर्डने तासभर बरं वाटतं, मग पुन्हा तपासावंसं वाटतं, कारण हवी होती ती वर केलेली मान.

खरी परीक्षा पुढच्या आखाजीला. बहीण सहज विचारते, ‘वहिनीच्या भावाचं काय झालं रे?’ तो म्हणतो, ‘ते तिलाच विचार.’ आणि ही विचारणा झाल्याचं, बायकोने न विचारताच, रात्री तिला सांगतो.