आघातस्थान निश्चिती, ध्वनीवरून

पाट, पत्रा किंवा फरशीवर काही आपटले, की त्याचा आवाज कडेला लावलेल्या मायक्रोफोनांपर्यंत वेगवेगळ्या क्षणी पोहोचतो. वेळांतील हे फरक मायक्रोकंट्रोलरने (एका चिपवरच्या छोट्या संगणकाने) मोजून आघाताची जागा काढण्याच्या पद्धतीला आघातस्थान निश्चिती म्हणतात. उजवीकडून हाक आली की आपली मान उजवीकडे वळते, त्यामागेही दोन कानांना आवाज मिळण्यातला असाच फरक असतो. तो एक मिलिसेकंदही नसतो.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी भौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्स ब्रॅग यांनी 1915 पासून याच रीतीने शत्रूच्या तोफा हुडकायचे काम केले. साध्या माइकना तोफेचा खर्जातला दणका नीट पकडता येईना; विल्यम टकर यांच्या तापलेल्या तारेच्या माइकने ती अडचण सुटली. मराठवाड्याला हे तत्त्व वेगळ्या कारणाने जवळचे आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला झालेल्या भूकंपाचे केंद्रही ठिकठिकाणच्या भूकंपमापकांवर लहरी पोहोचण्याच्या वेळांवरूनच ठरले.

आघात कोणत्या क्षणी झाला हे उपकरणाला माहीत नसते, म्हणून फक्त फरक हाती लागतो. दोन माइकमधला फरक एक अपास्त (हायपरबोला) देतो, म्हणजे तेवढाच फरक देणाऱ्या सगळ्या जागांची वक्ररेषा; तिसऱ्या माइकमुळे दुसरा मिळतो. ते छेदतात तिथे आघात. चौथा माइक पडताळ्याला.

कॅरमच्या चार कोपऱ्यांवर माइक लावून पाहावे. खेळायची जागा साधारण 74 सेंमी. हवेत 1 सेंमी अंतराला आवाजाला सुमारे 29 मायक्रोसेकंद लागतात आणि 16 मेगाहर्ट्झच्या आर्डुइनोच्या (मायक्रोकंट्रोलरच्या तयार पाटीच्या) घड्याळाचा एक ठोका 0.0625 मायक्रोसेकंदाचा, म्हणजे घड्याळ हवे त्यापेक्षा कितीतरी बारीक आहे. तरी नवशिक्यांची उत्तरे चुकतात, कारण ते चारही माइक अॅनालॉग पिनांवर, म्हणजे विद्युतदाब मोजणाऱ्या पिनांवर, एकामागून एक वाचतात. एका वाचनाला सुमारे 100 मायक्रोसेकंद जातात. चौथ्याची पाळी येईपर्यंत आवाज 10 सेंमी पुढे गेलेला असतो, आणि मधोमध मारलेली टिचकी पडद्यावर कोपऱ्याकडे सरकलेली दिसते. प्रत्येक माइकला स्वतंत्र कंपॅरेटर (संकेत ठरावीक पातळीवर गेला की कळवणारा भाग) देऊन त्याने इंटरप्ट, म्हणजे चिपला हातातले काम थांबवून तत्काळ वेळ नोंदवायला लावणारा इशारा, उठवणे हाच खरा इलाज.

त्यानंतरही अवघड प्रश्न उरतो: आवाज ‘आला’ असे म्हणायचे कधी? जोरदार ठोक्याची लहर ठरवलेला उंबरठा लगेच ओलांडते, हळू ठोक्याची उशिरा. दूरच्या माइककडे आवाज क्षीण होऊन पोहोचतो, म्हणून तिथला उशीर आणखी वाढतो. शक्य असेल तर प्रत्येक माइकची पूर्ण लहर साठवून त्या एकमेकींशी जुळवून पाहाव्यात; त्यासाठी वेगवान चिप घेणे सार्थकी लागते.

माइकऐवजी पाटाच्या खालून पायझो चकत्या (कंपनांचे विजेत रूपांतर करणाऱ्या) चिकटवल्या तर बाहेरचा गोंगाट कमी होतो, पण प्लायवूडमध्ये वाकणाऱ्या लहरी धावतात. त्यांत उच्च वारंवारतेचा भाग पुढे पळतो, खर्जाचा मागे राहतो, आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेनुसारही वेग बदलतो. शहाबादी फरशीखाली कुठे पोकळी राहिली असेल तर तिथला ठोका वेगळाच वाजतो. अशा ठिकाणी सूत्र बाजूला ठेवून खडूने चौकटी आखाव्यात, प्रत्येक चौकटीत टकटक करून वेळांचा तक्ता बनवावा.

हवेतून मोजताना तापमान विसरून चालत नाही. परभणीत मे महिन्यातल्या दुपारी पत्र्याच्या खोलीत 42 अंशांना आवाज सेकंदाला सुमारे 357 मीटर धावतो, डिसेंबरातल्या 12 अंशांच्या सकाळी सुमारे 339. हा पाच टक्क्यांचा फरक पाटाच्या केंद्रावर मुळीच जाणवत नाही, कारण तिथे चारही वेळा सारख्याच असतात. कडेकडे जावे तशी चूक वाढते. म्हणून उपकरणाची चाचणी नेहमी कडेला ठोकून घ्यावी.