'टू'नंतर 'आयएनजी' चालत नाही?

इंग्रजी सुधारण्याच्या फॉरवर्डमध्ये एक नियम हमखास असतो: 'टू'नंतर क्रियापदाचं मूळ रूपच येतं, 'आयएनजी' लावलं की चूक. शाळेत बहुतेकांनी हेच घोकलंय, कारण 'आय वॉन्ट टू गो' सारख्या वाक्यांत ते खरंच आहे.

गोची अशी की इंग्रजीत 'टू' दोन कामं करतो. 'वॉन्ट टू गो'मध्ये तो क्रियापदाची खूण आहे. 'लुकिंग फॉरवर्ड टू'मध्ये मात्र तो शब्दयोगी अव्यय आहे, आणि अशा अव्ययानंतर नाम लागतं. क्रियापदाला नामासारखं वागवायचं तर 'आयएनजी' लावावं लागतं. म्हणून अर्जाच्या शेवटी 'आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू' बरोबर; 'टू मीट यू' चूक. मराठीत आपण 'भेटण्याची वाट पाहतो' म्हणतो, तिथेही 'भेटणे'चं नाम झालेलं असतंच की.

पडताळायला सोपं आहे. 'टू'पुढे 'द ट्रिप' ठेवून बघा. 'लुक फॉरवर्ड टू द ट्रिप' जमतं, म्हणजे तिथे 'आयएनजी' हवं. 'वॉन्ट टू द ट्रिप' जमत नाही, म्हणजे मूळ रूप.

सगळ्यात फसवं 'यूज्ड टू'. 'आय यूज्ड टू ड्रिंक टी' म्हणजे पूर्वी चहा प्यायचो. 'आय ॲम यूज्ड टू ड्रिंकिंग टी' म्हणजे चहा प्यायची सवय आहे. मधल्या एका 'ॲम'ने सगळा अर्थ फिरतो. 'ऑब्जेक्ट टू' म्हणजे हरकत घेणे; त्याचंही तेच, त्यापुढे 'आयएनजी'च.