टॅबलेट की विमानाचा जीपीएस? जुहूवरून स्वतःचं छोटं विमान उडवणाऱ्यांसाठी

योकवर, म्हणजे विमानाच्या सुकाणूवर, लावलेला आयपॅड आणि त्याच्या शेजारी गार्मिनचा एरा हा विमानासाठी बनवलेला जीपीएस, दोन्ही चालू करा. चित्र तेच दिसतं: सरकता नकाशा, मार्गाची गुलाबी रेघ, मधोमध विमानाची खूण. मग पाच इंची एरा ६६० किंवा सात इंची एरा ७६० का घ्यायचा, टॅबलेटचा स्क्रीन तर मोठा आहे, असा प्रश्न पडणारच. दुकानात उभं राहून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. ते एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता जुहूच्या एप्रनवर, विमानं उभी करतात त्या उघड्या जागेत, मिळतं.

ॲपलने आयपॅड वापरण्यासाठी सांगितलेलं बाहेरचं तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस आहे. मुंबईचा उन्हाळा सावलीतच ही मर्यादा गाठतो, आणि बंद कॉकपिटची काच तर भट्टीचं काम करते. टॅबलेट एकदम बंद पडत नाही, पायरीपायरीने शरण येतो. आधी स्क्रीन आपोआप मंद होतो, मग चार्जिंग थांबतं, शेवटी तापमानाची सूचना येते आणि नकाशा गायब. मंद झालेला स्क्रीन उन्हात दिसत नाही म्हणून पायलट ब्राइटनेस वाढवतो, त्याने टॅबलेट आणखी तापतो. वरून चार्जर लावलेला असेल तर बॅटरीची स्वतःची उष्णता त्यात भर घालते.

यावर उपाय आहेत. जाड केस काढा. टॅबलेट ग्लेअरशील्डवर, म्हणजे समोरच्या काचेखालच्या कट्ट्यावर, उन्हात न ठेवता हवेच्या झरोक्यासमोर लावा. इंजिन सुरू होईपर्यंत तो बॅगेत सावलीत राहू द्या, आणि निघण्याआधीच पूर्ण चार्ज करून घ्या, म्हणजे हवेत चार्जिंगची गरज पडणार नाही. बर्फाची पिशवी लावायचा मोह टाळा. मुंबईच्या दमट हवेत गार काचेवर लगेच दव धरतं आणि ते चार्जिंगच्या खाचेत उतरतं. विमानासाठी बनवलेल्या जीपीएसची उष्णता सोसण्याची मर्यादा यापेक्षा बरीच वर असते आणि त्याचा स्क्रीन उन्हात वाचता यावा म्हणूनच बनवलेला असतो. जास्तीचे पैसे मुख्यतः याचे जातात. टॅबलेट घेणार असाल तर पोलराइज्ड गॉगल घालून तो आडवा आणि उभा, दोन्ही धरून पाहा. एखाद्या कोनात स्क्रीन चक्क काळा पडतो.

टॅबलेट घेताना सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे फक्त वायफायवाला आयपॅड. त्यात जीपीएसची चिपच नसते. घरी वायफायच्या आधाराने तो जागा बरोबर दाखवतो, म्हणून फसगत कळते ती हवेत. सेल्युलर मॉडेल घ्या. सिमकार्ड नसलं तरी त्याचा जीपीएस चालतो, फक्त पहिल्यांदा उपग्रह पकडायला वेळ लागू शकतो. वायफायवाला आधीच घरात असेल तर ब्लूटूथने जोडायचा वेगळा रिसीव्हर घ्या. गार्मिनचा ग्लो २ सेकंदाला दहा वेळा जागा सांगतो. १०० नॉटवर विमान सेकंदाला सुमारे ५१ मीटर जातं, त्यामुळे नकाशा पाहण्यापुरती सेकंदाला एक नोंदही पुरते. रिसीव्हरचा खरा फायदा म्हणजे तो आकाश दिसेल अशा जागी ठेवता येतो आणि टॅबलेट सावलीत राहतो.

वीज दोघांनाही लागते आणि दोघांचाही घात तिथे होतो. सेसना १५२ ची वीजव्यवस्था २८ व्होल्टची आहे, १९७८ पासूनच्या १७२ चीही तशीच. गाडीतला १२ व्होल्टपुरता बनवलेला चार्जर तिथे जळू शकतो. ट्रकच्या २४ व्होल्टवर चालणारा घ्या, कारण इंजिन चालू असताना ट्रकमध्येही २८ च्या आसपासच व्होल्ट असतात. स्वस्त चार्जरचा दुसरा उपद्रव रेडिओत ऐकू येतो. जमिनीवरच स्क्वेल्च (रेडिओची खरखर दाबणारी सोय) उघडा, टॉवरची फ्रिक्वेन्सी लावा आणि चार्जर काढून-घालून पाहा. खरखर वाढली तर तो चार्जर विमानात नको. एरा ६६० ची बॅटरी कंपनीच्या म्हणण्यानुसार चार तासांपर्यंत चालते, तरी विमान स्वतःचं असेल तर पक्की वायर ओढून घेणंच बरं. जाता जाता: टॅबलेटच्या मागचं चुंबकी कव्हर होकायंत्राजवळ नेऊन बघा, सुई हलते का ते.

उंचीचा आकडा हा मुंबईचा खास मामला. जीपीएस मुळात गणिती लंबगोलापासूनची उंची मोजतो, समुद्रसपाटीपासूनची नाही. भारताच्या आसपास या दोन पृष्ठभागांत मोठा फरक आहे. मुंबईत समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या साठेक मीटर खाली येते. चांगलं उपकरण ही दुरुस्ती स्वतः करतं. अँड्रॉइड मात्र ॲपला मूळ आकडा देतो, आणि ॲपने तो सुधारला नाही तर जुहूच्या एप्रनवर उभं विमान समुद्राच्या सुमारे दोनशे फूट खाली दिसतं. म्हणून खरेदीआधी जुहूवर एकदा आकडा पाहाच. आकडा सुधारलेला असला तरी हवेच्या दाबावरून उंची काढणाऱ्या अल्टिमीटरशी तो जुळेलच असं नाही. हवा ठरलेल्या मानक तापमानापेक्षा १५ अंश गरम असेल, तर अल्टिमीटर ५,००० फूट दाखवताना खरी उंची ५,३०० च्या आसपास असते. एटीसीला, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाला, सांगायची ती अल्टिमीटरचीच उंची. जीपीएसची उंची घाटापुरती: गार्मिनच्या भूप्रदेश-नकाशात तुमच्या खाली १०० फुटांच्या आत आलेली किंवा तुमच्याहून उंच जमीन लाल दिसते, १०० ते १,००० फूट खालची पिवळी. १,६४६ मीटरच्या कळसूबाईकडे जाताना हे रंग कामाचे आहेत. मुंबईवर अडथळ्यांच्या खुणांवर मात्र विसंबू नका. वरळीच्या नव्या टॉवरवरची क्रेन कुठल्याच डेटाबेसमध्ये नसते.

उपकरणातला विमानतळांच्या माहितीचा डेटाबेस दर २८ दिवसांनी बदलतो. त्याच्या वर्गणीचा खर्च दोन्हीकडे आहे आणि किमतीची तुलना करताना नेमका तोच विसरला जातो. पैसे देण्याआधी व्हीएजेजे, म्हणजे जुहू, टाइप करा. नंतर शिर्डी आणि बारामती शोधा. भारताचा भाग त्या वर्गणीत आहे की नाही हे दोन मिनिटांत कळतं. धावपट्टीची वाढवलेली मध्यरेषा दाखवता येते का तेही तपासा. जुहूची ०८/२६ आणि मुंबई विमानतळाची ०९/२७ शेजारी आहेत आणि दिशेनेही जवळपास सारख्या. याच गोंधळात १९५३ मध्ये बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट विमान आणि १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८ चुकून जुहूवर उतरलं. नुसती गुलाबी रेघ विमानतळाच्या बिंदूपर्यंत नेते, धावपट्टी ओळखून देत नाही. सेटिंगमध्ये दिशा खरी आहे की चुंबकीय, तेही बघून ठेवा. मुंबईत दोघांतला फरक जवळपास शून्य असल्याने चूक इथे दिसतच नाही, दुसऱ्या प्रदेशात गेल्यावर दिसते.

अमेरिकन खोक्यांवरची बरीच वैशिष्ट्यं इथे निरुपयोगी आहेत. सिरियस एक्सएमचं उपग्रही हवामान किंवा एडीएस-बी या रेडिओ यंत्रणेवरून मिळणारं तिथलं फुकट हवामान भारतात येत नाही. वास (WAAS) ही जीपीएसची अचूकता वाढवणारी उत्तर अमेरिकेची यंत्रणा आहे. आपली गगन आहे, इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची. आणि इनरीचसारखा उपग्रहावरून संदेश पाठवणारा संच ‘तोही जीपीएसच’ म्हणून परदेशातून आणू नका. परवानगीशिवाय असा संच बाळगल्याबद्दल भारतात लोकांना अटक झाली आहे.

दोघांपैकी कशाच्याही भरवशावर ढगात शिरायचं नाही. आयएफआरसाठी, म्हणजे बाहेर न पाहता उपकरणांवर उडण्यासाठी, पॅनेलमध्ये बसवलेलं मान्यताप्राप्त उपकरणच लागतं.

मग घ्यायचं काय? क्लबचं विमान सकाळी तासभर उडवायचं असेल तर सेल्युलर आयपॅड मिनी पुरे. तेच ॲप फोनवरही घालून ठेवा, टॅबलेट तापला तर हाताशी येतं. विमान स्वतःचं असेल आणि मे महिन्यात दुपारीही घाट ओलांडायचा असेल तर वायर ओढलेला एरा घ्या, आणि टॅबलेटवर घरीच मार्ग आखा. दोन्ही घेतलेत तर दोघांना एकाच चार्जरवर टांगू नका.