राजवैद्याचा झाला डॉक्टर : ‘आर्त्स्ट’ची कुळकथा

जर्मन भाषेत डॉक्टरला ‘आर्त्स्ट’ म्हणतात. उच्चारताना आपली जीभ अडखळावी असा हा शब्द ऐकायला अस्सल जर्मन वाटत असला, तरी त्याचे माहेर ग्रीसमध्ये आहे. ग्रीकमध्ये ‘इआत्रोस’ म्हणजे वैद्य. त्याच्या आधी ‘मुख्य’ या अर्थाचा ‘आर्खी’ लागून ‘आर्खिआत्रोस’ झाला. ही पदवी अलेक्झांडरनंतर पश्चिम आशियावर राज्य करणाऱ्या, अँटिओकच्या सेल्युकिड राजांच्या दरबारी वैद्यांना असे. पुढे रोमन सम्राटांच्या खासगी वैद्यांनी ती मिरवली आणि लॅटिनमध्ये ‘आर्कियाटर’ झालेला हा शब्द आजच्या फ्रान्स-जर्मनीच्या भागातील फ्रँक राजांच्या दरबारात पोहोचला. सातव्या शतकातील एका लॅटिन बखरीत, सुमारे 605 साली, राजा थ्यूडेरिकच्या तंबूत प्रोटाडियस हा सरदार पेत्रुस नावाच्या ‘आर्कियाटर’बरोबर पटावर खेळत बसलेला असताना बिथरलेल्या सैन्याने तंबू घेरून प्रोटाडियसला ठार केल्याचा प्रसंग आहे.

बोलीत झिजत झिजत या शब्दाचे ‘आर्त्सात’ झाले. मधल्या ‘क’चा ‘त्स’ होणे हा अपघात नव्हे. आर्चबिशपला जर्मनमध्ये ‘एर्त्सबिशोफ’ म्हणतात, त्यातील ‘एर्त्स’ हे त्याच ‘आर्खी’चे रूप आहे.

मग त्याआधी जर्मन लोक वैद्याला काय म्हणत? त्यांचा स्वतःचा शब्द होता ‘लाखी’. चौथ्या शतकातील गॉथिक (जर्मनच्या कुळातील एक लुप्त भाषा) बायबलमध्ये त्याचा भाऊबंद ‘लेकेइस’ सापडतो, स्वीडिशमध्ये ‘लेकारे’ आजही डॉक्टरच आहे, आणि झेक ‘लेकार्झ’ हाही जर्मानिक भाषांकडून (जर्मन, स्वीडिश यांच्या कुळाकडून) उसन्या घेतलेल्या त्याच शब्दावरून आलेला आहे. जर्मनमध्ये मात्र दरबारी पाहुण्याने घरच्या धन्यालाच बाहेर काढले. तरीही जाता जाता त्याने एक खूण ठेवली, आणि मला या कथेतला हाच भाग सर्वांत रंजक वाटतो: औषधाला जर्मनमध्ये ‘आर्त्स्नाय’ म्हणतात, आणि त्यातला ‘न’ ‘आर्त्सात’मध्ये कुठेच नाही. ‘बरे करणे’ या अर्थाच्या ‘लाखिनोन’ या जुन्या क्रियापदाच्या धर्तीवर नवे क्रियापद घडवताना तो आला, असे व्युत्पत्तिकार मानतात.

पदवीतील राजेशाही थाट केव्हाच ओसरला. आता दातांचा डॉक्टर ‘त्सानआर्त्स्ट’ आणि गुरांचा ‘टीअरआर्त्स्ट’. ‘मुख्य’ हा अर्थ इतका विसरला गेला, की रुग्णालयातील विभागप्रमुखाला ‘शेफआर्त्स्ट’, म्हणजे शब्दशः ‘मुख्य मुख्यवैद्य’, म्हणावे लागते. आपल्या ‘पिवळ्या पितांबरा’चाच हा जर्मन अवतार.