प्रतिजनाचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर कसे येतात: संशोधनाची पार्श्वभूमी

टी पेशी या रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्यांना प्रतिजनाचे (रोगप्रतिकार यंत्रणा ओळखते त्या पदार्थाचे) पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा लहान तुकडा, दाखवणाऱ्या रेणूंना एमएचसी (मेजर हिस्टोकंपॅटिबिलिटी कॉम्प्लेक्स, म्हणजे ऊती जुळण्याशी संबंधित मुख्य गट) म्हणतात. हे नाव ऊती-प्रत्यारोपणाच्या अभ्यासातून आले. 1936 मध्ये लंडनमध्ये पीटर गोरर यांनी उंदरांत आणि 1958 मध्ये पॅरिसमध्ये जाँ दोसे यांनी माणसांत या गटातील प्रतिजन ओळखले, आणि त्यांचा संबंध परक्या ऊती शरीर का नाकारते या प्रश्नाशी जोडला गेला. प्रत्यारोपण हा माणसाचा अलीकडचा उद्योग. त्याला अडथळा आणण्यासाठी हे रेणू निर्माण झाले असणे शक्य नव्हते. मग त्यांचे खरे काम कोणते, हा प्रश्न बराच काळ अनुत्तरित राहिला.

1974 मध्ये कॅनबेरा येथे रोल्फ झिंकरनागल आणि पीटर डोहर्टी यांना असे आढळले की, विषाणूबाधित उंदराच्या टी पेशी बाधित पेशींना मारतात खऱ्या, पण त्या पेशींचे एमएचसी उंदराच्या स्वतःच्या एमएचसीशी जुळत असेल तरच. टी पेशी विषाणू आणि स्वकीय रेणू या दोहोंची खूण एकत्र पाहते, एवढे यातून निश्चित झाले. ती खूण प्रत्यक्षात कशी असते, हे मात्र कळले नाही.

उत्तराचा एक धागा जिवाणू गिळणाऱ्या भक्षक पेशींच्या अभ्यासात सापडला. गिळलेल्या जिवाणूचे प्रतिजन टी पेशींना दाखवण्याआधी भक्षक पेशींना काही वेळ लागतो, आणि पेशीतील आम्लता क्लोरोक्विन या औषधाने कमी केली तर हे काम थांबते, असे एमिल उनानुए यांच्या गटाने दाखवले. 1983 मध्ये हॉवर्ड ग्रे यांच्या प्रयोगशाळेने रसायनाने स्थिर केलेल्या, म्हणजे पचनाची क्रिया बंद पडलेल्या पेशींना अंड्यातील ओव्हाल्ब्युमिन हे प्रथिन दिले. अखंड प्रथिन त्यांना दाखवता आले नाही, आधीच विकरांनी (एन्झाइमांनी) तोडलेले मात्र आले. पुढे 1986 मध्ये ऑक्सफर्डच्या अलन टाउनसेंड यांनी फ्लूच्या विषाणूच्या अंतर्भागातील प्रथिनाचे लहान कृत्रिम पेप्टाइड निरोगी पेशींवर टाकले, आणि टी पेशींनी त्या पेशींना बाधित समजून मारले.

1987 मध्ये हार्वर्डमध्ये पामेला ब्योर्कमन, डॉन वायली आणि जॅक स्ट्रॉमिंजर यांनी एचएलए-ए2 या माणसाच्या एमएचसी रेणूची रचना क्ष-किरणांनी उलगडली. माझ्या मते या इतिहासातील सर्वांत बोलका पुरावा हाच. रेणूच्या माथ्यावर दोन सर्पिलांमध्ये एक खाच होती, आणि त्या खाचेत रेणूच्या स्वतःच्या साखळीत न बसणारे काहीतरी दिसत होते. ते कोणी मुद्दाम घातलेले नव्हते. पेशीतून शुद्ध केलेल्या रेणूबरोबर पेशीतलीच पेप्टाइडे आली होती.

ही पेप्टाइडे खाचेत भरली कशी जातात, हे त्यानंतर उलगडत गेले. एमएचसीचे दोन वर्ग आहेत. पहिल्या वर्गाच्या एमएचसीसाठी प्रोटिएसोम हे प्रथिने तोडणारे यंत्र पेशीतील प्रथिनांचे तुकडे करते, आणि टॅप हे वाहक प्रथिन ते तुकडे अंतर्द्रव्यजालिकेत (पेशीतील पटलांच्या जाळ्यात) नेते. तेथे साधारण 8 ते 10 अमिनो आम्लांचे पेप्टाइड खाचेत बसते. टॅप नसलेल्या पेशींच्या पृष्ठभागावर हे रेणू फारच थोडे आढळतात, कारण रिकामा रेणू टिकत नाही. दुसऱ्या वर्गात खाच आधी इन्व्हेरियंट साखळी या प्रथिनाने झाकलेली असते. आम्लधर्मी कप्प्यात तिचे तुकडे होऊन क्लिप नावाचा उरलेला भाग एचएलए-डीएम हा रेणू बाहेर काढतो, आणि त्या जागी गिळलेल्या प्रतिजनाचे पेप्टाइड बसते.